सहातले पाच बरे झाले, मग उपचार 'पास' का?

प्रेसशॉपवाला, चाकण
गेल्या महिन्यात कंपनीने कंबरदुखीवाल्यांसाठी कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने मणक्याला झटका देऊन उपचार करणारा, बोलावला. कॅन्टीनमागच्या खोलीत टेबल टाकलं. सहा जण मीच निवडून पाठवले, वाकून बूटही घालता येत नव्हते असे. पालथं झोपवायचं, मणक्यावर एक झटका, कट्ट आवाज! तीन आठवड्यांत पाच जण ठणठणीत. एचआरवाले म्हणतात, टेस्ट पास, आता सगळ्या शिफ्टना लावू. मला खटकतंय. आमच्या गावी उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतात. तेही बरे होतातच. मग पायाळूही पास?

फिजिओताई
दादा, बरोबर जागी खटकलंय. नव्याने भरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत आपणहून सुटते. त्यात तुम्ही दुखणं शिगेला पोचलेलेच निवडलेत, तिथून ते उतरणारच होतं. तुलनेला दुसरा गट हवा, आणि कोण कुठल्या गटात ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. अमेरिकी सैन्यात 750 जणांवर असं केलं, निकाल 2018 मध्ये आला. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला तेच अधिक कायरोप्रॅक्टिक. सहा आठवड्यांनी दुसऱ्या गटाचं दुखणं दहाच्या मापावर साधारण एकाने जास्त उतरलं. फायदा आहे, चमत्कार नाही. शिवाय आपल्याला काय मिळतंय हे प्रत्येकाला ठाऊक होतं. जास्तीची विचारपूस झाली की तेवढ्यानेही बरं वाटतं.

हमालाचा पोरगा
1998 चा सिॲटलचा प्रयोगही सांगा एचआरला. 321 जण. काहींना कायरोप्रॅक्टिक, काहींना व्यायामोपचार, उरलेल्यांना नुसती माहितीपुस्तिका. पुस्तिकावाले किंचितच मागे राहिले. दोन वर्षांचा खर्च मात्र कायरोप्रॅक्टिकला माणशी 429 डॉलर आणि पुस्तिकेला 153! आमचे अण्णा मार्केट यार्डात पोती उचलायचे. पाठ कोणीही चोळली तरी दुसऱ्या दिवशी पोतं तेवढंच जड.

फिजिओताई
आणि पायात मुंग्या, बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणं असं काही असेल, तर झटका अजिबात नको. आधी डॉक्टर.

प्रेसशॉपवाला
ठरलं. पुढच्या खेपेला चिठ्ठ्या टाकतो. अर्ध्यांना आता, अर्ध्यांना सहा आठवड्यांनी, म्हणजे कोणी रुसणार नाही. दुखण्याचे आकडे मात्र दुसऱ्या खात्यातल्या माणसाने लिहायचे, कोणाचा कुठला गट ते त्याला न सांगता. बरा न झालेला सहावा जमिनीवरच्या पॅलेटमधून वाकून ब्लँक, म्हणजे प्रेससाठी कापलेले पत्रे, उचलतो. त्याच्यासाठी पॅलेटखाली स्टँड मागितलाय. स्टोअरवाले म्हणतात, बजेट नाही.