मुलगी समुपदेशकाकडे आत काय बोलते, ते आईला कळायला नको का?

मुलुंडची_आई:
मुलगी 16 वर्षांची, अकरावी सायन्स. दिवाळीनंतर क्लासला जाणं बंद केलं. रात्री तीन-तीनपर्यंत जागी, जेवायला हाक मारली की दार लावून घेते. ओळखीतून दादरच्या एका समुपदेशक बाईंकडे नेतोय, चार शनिवार झाले. पाऊण तास मी बाहेर बाकावर, ती आत. विचारलं की बाई म्हणतात, "ती स्वतः सांगेल तेवढं ऐका." परतताना गाडीत ही कानात इयरफोन घालून खिडकीबाहेर बघते. फी आम्ही भरतो, ती अजून सज्ञान नाही, मग आईपासून लपवण्यासारखं काय आहे? आमच्या ह्यांचं म्हणणं, गप्पाच मारायच्या तर मावशीशी मार म्हणावं, फुकटात.

गॅलरीतला_कावळा:
आमच्याकडे उलटं. मुलगा येऊन सगळं सांगतो, आणि सगळं आमच्याबद्दलच असतं. नाही कळलं तर बरंय, ताई.

टिळकपुलाजवळची:
हेच काम करते, 14 वर्षं झाली. तुमच्या बाईंबद्दल बोलत नाही, माझ्याकडे कसं चालतं ते सांगते.

अठराच्या आतलं मूल आलं की पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांना एकत्र बसवते आणि आईबापांदेखत मुलाला सांगते: इथलं बोलणं इथंच राहील. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मी गप्प बसणार नाही. आणि कुणी लैंगिक अत्याचार करतंय असं कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने मला कळवावंच लागतं. हे आधीच सांगायचं. नंतर सांगितलं तर मुलांना तो दगा वाटतो, आणि असतोच.

तुमचं म्हणणं अगदीच गैर नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात अल्पवयीन मुलाचे पालकच त्याचे प्रतिनिधी धरलेत. कुठली पद्धत, किती दिवस, औषधाची गरज वाटते का, सगळं विचारा. बाईंचं शिक्षणही विचारा, लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी हवी. फक्त "ती माझ्याबद्दल काय म्हणाली?" याचं उत्तर मी देत नाही. आई मला बाहेर गाठून हळूच काही सांगायला लागली, तर ऐकते, पण आधी बजावते की हे तुम्ही सांगितलंत हे मी तिला सांगणार. निम्म्या आया तिथंच थांबतात.

आत काय करतो? पहिल्या दोन भेटींत अभ्यासाचं नाव नाही. झोप. मोबाईल किती वाजता ठेवला, डोळा कधी लागला, सात दिवसांचा कागद. तीनपर्यंत जागणाऱ्या पोरीला "विचार बदल" सांगून काय होणार? ती जरा सावरली की एखादा विचार पकडतो. 'उत्तर चुकलं की सगळे हसतात.' सगळे म्हणजे किती? मोजून ये. एकजण खरंच मोजून आला: दोघं, त्यातला एक मोबाईलमध्ये बघून हसत होता. (त्याला विचारून सांगतेय.) याला सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी) म्हणतात, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आरन बेकने 1960 च्या दशकात नैराश्यासाठी बसवलेली पद्धत. पोरांना मी नाव सांगत नाही, लगेच गुगल करतात आणि मलाच शिकवतात.

वीस-बावीसची मुलं वेगळी. स्वतः येतात, घरी पत्ता नसतो. ऑनलाइन म्हणावं तर वन रूम किचनमध्ये पाच माणसं. एकजण गच्चीवर टाकीमागे बसून बोलायचा, पावसाळ्यात जिन्यात. आमचा परवलीचा शब्द होता: तो "जर्नल सबमिट करायचंय" म्हणाला की कुणीतरी जवळ आलंय. मग मी परीक्षेबद्दल बोलत राहायचे, तो "हो मॅडम, हो मॅडम" करायचा.

मावशीशी जरूर बोलू दे. पण मावशी रात्री तुम्हालाच फोन करते ना?

एक मात्र लक्षात ठेवा: "नकोसं झालंय" असं काही बोलली तर शनिवारची वाट बघू नका. टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, चोवीस तास आणि फुकट, मराठीतही बोलतात.

सायनची_बावीस:
मी सतरा वर्षांची असताना ज्या मॅडमकडे नेलं, त्यांनी सगळं आईला सांगितलं. रिक्षात बसायच्या आत आईने विचारलं, "तो मुलगा कोण?" त्यानंतर चार वर्षं मी कुणाशी बोलले नाही. गेल्या वर्षी एकटीच पालिकेच्या हॉस्पिटलच्या ओपीडीत केसपेपर काढून उभी राहिले. काकू, बाकावर बसताय तेच बरंय. ती खिडकीबाहेर बघते तेव्हा बघू दे.

मुलुंडची_आई:
सगळ्यांचे आभार. बाईंना पद्धतीबद्दल विचारलं, नीट सांगितलं त्यांनी. परवा गाडीत काही बोलले नाही. घाटकोपर गेल्यावर ही स्वतःच म्हणाली, उतरल्यावर वडापाव घेऊ या का. झोपेचा कागद फ्रिजवर लावलाय. तिच्या रकान्याशेजारी तिने माझाही आखलाय, आणि रात्री दोनपर्यंत मी जागी असते हे तिनेच भरलंय.