उभ्या गाडीचा तापमानाचा काटा चढतो? आधी पंखा पाहा
भाऊ, हिंगणघाट रोडवर पळताना काटा अर्ध्यावर आणि कापसाच्या जिनिंगच्या रांगेत उभी केली की लालवर, एवढ्यावरून हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) खोलायला देऊ नका. धावत्या गाडीला वारा मिळतो, उभीला फक्त पंखा. एसी लावून पाहा, बहुतेक गाड्यांत पंखा लगेच सुरू होतो. नाही झाला तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याला वीज जोडणारा स्विच), मग मोटर तपासा. एसीवर फिरतो पण इंजिन तापल्यावर नाही, तर तापमानाचा सेन्सर बघा. पंखा ठीक असेल तर टॉर्च मारून कंडेन्सर (एसीची समोरची जाळी) आणि रेडिएटर (इंजिनचं पाणी गार करणारी जाळी) यांच्या मधल्या फटीत डोकवा. आपल्याकडे तिथं रुई आणि धूळ मिळून थर बसतो. नळीच्या हलक्या धारेनं धुवा. प्रेशरनं जाळीची पाती वाकतात. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकणं तेवढं बंद करा बाप्पा, आत क्षार धरतो. आणि इंजिन गार झाल्याशिवाय रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका.