मदत हवी आहे : बॅकड्राफ्ट की फ्लॅशओव्हर, दारात उभं राहून ओळखायचं कसं?

नमस्कार मंडळी,

फायरमनचा सहा महिन्यांचा कोर्स करतोय, दुसरा महिना चालू आहे. शिडी, होज (पाणी मारायचा पाइप), बीए सेट (धुरात श्वास घ्यायला पाठीवर घ्यायचं हवेचं सिलिंडर आणि मुखवटा) घालून धुरात रांगणं जमतं. अडतो तो 'आगीचं वर्तन' या विषयात. परवाच्या चाचणीत दोन्हींची व्याख्या 'आग एकदम भडकणे' अशीच लिहिली आणि गुण गेले.

माझी समजूत लिहितो, चूक असेल तिथे सांगा. आमच्याकडे चूल होती. ओली लाकडं घातली की नुसता धूर कोंडायचा. आईने फुंकणीने दोन फुंका मारल्या की धुरालाच भडका धरायचा. म्हणजे धूर हेच जळण, वारा मिळायचा अवकाश. हाच बॅकड्राफ्ट ना? आणि होळीजवळ उभं राहिलं की जाळ न लागताही तोंड भाजतं. तशी छताखाली साठलेल्या तापल्या धुराची झळ खालच्या सोफ्याला, पडद्यांना लागून सगळी खोली एकदम पेटते, तो फ्लॅशओव्हर?

खरी अडचण पुढे आहे. दार गरम आहे, आत जाळ दिसत नाही, अशा वेळी काय समजायचं? दुसरं म्हणजे, सर सांगतात की पाण्याची वाफ झाली की ते सुमारे 1,700 पट पसरतं आणि त्यात आपणच भाजतो. तेच सर छताखालच्या धुरावर पाणी मारायला लावतात! लवकरच प्रत्यक्ष आगीचा सराव आहे. गुणांचं राहू द्या, होज धरून माझ्यामागे जोडीदार असणार आहे.

प्रतिसाद :
मित्रा, मी दलातून निवृत्त झालोय. चूल आणि होळी, दोन्ही बरोबर पकडलीस. चूल उघडी असते म्हणून भडक्यावर भागतं. बंद खोलीत तोच प्रकार माणसाला दारासकट फेकतो.

दारात एवढंच बघ, आत आगीला कमी काय पडतंय? हवेत प्राणवायू 21 टक्के असतो. तो साधारण 15 टक्क्यांवर आला की जाळ मरायला लागतो, पण धग आणि जळाऊ वायू तसेच राहतात. मग काचा आतून तेलकट काळ्या होतात. फटीतला धूर सरळ वाहत नाही, बाहेर येतो आणि परत आत ओढला जातो, श्वास घेतल्यासारखा. हा श्वास दिसला की दाराला हात लावायचा नाही. पाणी भरलेली होज घेऊन दाराच्या बाजूला, खाली बसायचं, आणि आधी वरून धुराला वाट करून द्यायची.

फ्लॅशओव्हरकडे निघालेल्या खोलीत हवा असते. धुराचा थर भराभर खाली येतो, त्यात जाळाच्या जिभा फिरतात, खालच्या सामानातूनही धूर निघू लागतो. थर 600 अंशांच्या आसपास गेला की हाती सेकंद उरतात.

आता पाणी. धुराच्या थरात बारीक थेंबांचे छोटे फवारे मारले तर थेंब धुरातच विरतात. धूर थंड होऊन आक्रसतो, त्या जागेत वाफ मावते. तेच पाणी तापल्या भिंतीवर आदळलं तर उष्णता भिंतीची जाते, धूर आक्रसत नाही, वाफ मात्र अंगावर उतरते. सर दोन्ही बरोबर सांगतात.

धागाकर्ता :
काका, मनापासून आभार. वाफेचं कोडं आज सुटलं. अजून एक विचारतो, आम्ही आत असताना खिडकीची काच फुटली तर?

प्रतिसाद :
तर आगीला हवा मिळाली. हवेवाचून मंदावलेली आग काही क्षणांत फ्लॅशओव्हरला जाऊ शकते. खाली बस, वरच्या धुरावर फवारे चालू ठेव, जोडीदाराला हाक दे आणि होजला धरून मागे फिर. धुरात दार दिसत नाही, होज दारापर्यंत नेते.