पिकअपच्या हौद्याचा पत्रा कुजलाय, मदत हवी आहे

मंडळी, मी रत्नागिरीचा. मिरकरवाड्यातून मासळी वाहायला पिकअप आहे, 9 वर्षं झाली. इंजिन अजून ठणठणीत, पण हौद्याची पार चाळण झालीय. मासळीच्या बर्फाचं खारट पाणी पत्र्याच्या सांध्यात मुरतं आणि गंज आतून खात येतो. वरून रंग छान दिसतो, बोट दाबलं की आत जातं! फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या झडपेच्या) बिजागऱ्याही गेल्यात.

दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्याने गंज न घासताच लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारला. एका पावसाळ्यात सगळं फुगून सुटलं. पैसे गेले ते गेलेच.

आता तळाचा पत्रा कापून 3 मिमी चेकर प्लेट (उठावाची नक्षी असलेला जाड पत्रा) टाकायचा विचार आहे. कोणी म्हणतं अ‍ॅल्युमिनियम टाक, पण खाऱ्या पाण्यात लोखंडाला टेकलेलं अ‍ॅल्युमिनियमच आधी झिजतं ना? गॅल्वनाइज्ड (जस्ताचा थर दिलेलं लोखंड) घ्यावं, तर वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं. तिथे वरून काय लावता?

खालचे आडवे चॅनेलही पोखरलेत. पॅच मारून भागेल का पूर्ण बदलू? पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) आता दरवर्षी असतं, पुढच्या महिन्यात तारीख आहे. मासळीवाल्यांनी अनुभव सांगा, खर्चासकट.