अमेरिकेत मत कोणाला द्यायचं, हे तुमचं कसं ठरलं?

२०२४च्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियात नागरिकत्वाची शपथ घेतली. बाहेर पडताना दारातच एक आजी टेबल मांडून मतदार नोंदणीचे फॉर्म भरून घेत होत्या. एका हातात कागदी झेंडा, दुसऱ्यात पेन, आणि मी 'पक्ष' या रकान्यावर अडकले. सांगलीत आमच्या घरी हा प्रश्नच नव्हता. मतदानाच्या दिवशी आजोबा अंघोळ करून सगळ्यांच्या आधी बाहेर पडायचे आणि जाता जाता चिन्ह सांगून जायचे. इथे नवरा म्हणाला, "तुझं तू बघ."

राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्यांच्या वाट्याच्या इलेक्टोरल मतांवर. पेनसिल्व्हेनियाची १९, आणि राज्य कुठेही झुकू शकतं, त्यामुळे दोन्ही पक्षांचा आमच्यावर डोळा. पोस्टाच्या पेटीत रोज गुळगुळीत कार्डांचा गठ्ठा, शनिवारी दारात कॉलेजची पोरं. मी फ्रिजवर यादी लावली: भावाचा व्हिसा, किराणा, मुलींची शाळा, गर्भपाताचा कायदा, घरपट्टी, बंदुका, युद्धं... चौदा मुद्दे झाले. दोन आठवडे वाचल्यावर कळलं की यातलं निम्मं राष्ट्राध्यक्षाच्या हातातच नाही. शाळा आणि घरपट्टी गावपातळीवर ठरतात. गर्भपाताचा कायदा जून २०२२च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर राज्यांकडे गेला. (पण ते न्यायाधीश नेमतो राष्ट्राध्यक्षच, म्हणून तो मुद्दा एकदा खोडला आणि पुन्हा लिहिला.) शेवटी पाच उरले: व्हिसा, युद्ध, न्यायाधीश, आयात कर, आणि समोरच्याच्या बोलण्यावर माझा विश्वास बसतो का. त्या पाचांवर ठरलं.

मत पोस्टाने दिलं. आमच्याकडे मतपत्रिका आधी एका कोऱ्या पाकिटात आणि ते पाकीट सही-तारखेच्या दुसऱ्या पाकिटात घालायचं असतं. आतलं पाकीट विसरलात की मत बाद. मी म्हणजे आहेराच्या पाकिटावर नाव लिहायला विसरणारी बाई. चिकटवण्याआधी तीनदा तपासलं.

तर तुमचं सांगा. कोणाला दिलंत हे सांगायची सक्ती नाही. पारडं कशाने झुकलं, तेवढं लिहा. व्हॉट्सॲपचे फॉरवर्ड नकोत.

ह्यूस्टन, १९६९ पासून अमेरिकेत

१९७१च्या डिसेंबरात रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सननी सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे पाठवलं, तेव्हा मी ओहायोत शिकत होतो. खोलीसोबती लाहोरचा. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही, तिसऱ्या दिवशी त्यानेच चहा केला. रिपब्लिकन पक्षाशी मात्र माझं वैर पक्कं झालं. मताचा अधिकार नसताना धरलेलं वैर, त्याला तसा काय अर्थ!

पहिलं मत १९८०ला. महागाई भडकलेली, माझ्या घराच्या कर्जावर तेरा टक्के व्याज, इराणमध्ये अमेरिकन ओलीस. ऑफिसातले सगळे रिपब्लिकन रेगनकडे. मी डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष कार्टरना दिलं, आणि खरं कारण आजवर फार कोणाला सांगितलेलं नाही. त्यांच्या मातोश्री लिलियन कार्टर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून भारतात आल्या आणि विक्रोळीत नर्स म्हणून राबल्या. मी घाटकोपरचा. म्हणजे आमच्या पुढचं स्टेशन! १९६६ ते ६८, तेव्हा मी तिथेच होतो. लोकलमध्ये समोर बसल्या असतील तरी कोण ओळखणार? धोरणं वगैरे सगळं वाचलं होतं हो, पण मत विक्रोळीला गेलं. कार्टर सहा राज्यं आणि राजधानी एवढंच जिंकले.

१९९२ला रॉस पेरो अपक्ष उभे राहिले. टीव्हीवर अर्ध्या अर्ध्या तासाची वेळ विकत घेऊन तूट आणि कर्जाचे तक्ते दाखवायचे. मी इंजिनिअर माणूस, तक्ता दिसला की विरघळतो. सुमारे १९ टक्के मतं मिळवली त्यांनी, इलेक्टोरल शून्य. बायको अजून म्हणते, "तू माणसाला नाही, तक्त्याला मत दिलंस." त्यानंतर दोन्ही पक्षांना देऊन झालंय. आता उमेदवार काय बोलतो यापेक्षा आजूबाजूला कोणाला बसवतो, ते बघतो.

सॅन होजे

आमच्या कॅलिफोर्नियाची ५४ इलेक्टोरल मतं, सगळ्यात जास्त, आणि निकाल सगळ्यांना आधीच ठाऊक. त्यामुळे राष्ट्राध्यक्षाचा रकाना भरायला अर्धा मिनिट. पण २०२४ला त्याच पत्रिकेवर राज्याचे दहा प्रस्ताव होते, त्यांना तीन संध्याकाळी गेल्या. सरकारी पुस्तिका घरी येते, त्यात दोन्ही बाजू छापलेल्या असतात. जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघं ती मोठ्याने वाचत बसलो. चोरी आणि ड्रग्जची शिक्षा वाढवणाऱ्या प्रस्ताव ३६वरून एवढं वाजलं की भात करपला. गंमत म्हणजे, राष्ट्राध्यक्षासाठी आमची मतं एकमेकांना खोडतात हे तेव्हाच कळलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती.

डे मॉइन जवळ, आयोवा

माझी गोष्ट गुप्त मतदानाची नाहीच. ३ जानेवारी २००८, डेमोक्रॅटिक कॉकस (पक्षाचा उमेदवार निवडायची मतदारांची सभा), शाळेची जिम, बाहेर गोठवणारी थंडी. प्रत्येक उमेदवाराचा एक कोपरा. ज्याला मानता त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, सगळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर. मग डोकी मोजायचे. पंधरा टक्के जमले नाहीत तर तो कोपरा मोडायचा आणि त्या लोकांना दुसरीकडे जावं लागायचं. मी परराष्ट्र धोरणाचा अनुभव बघून जो बायडन यांच्या कोपऱ्यात गेलो. आम्ही सात जण.

कोपरा मोडल्यावर जे झालं ते एखाद्या लग्नासारखं. आम्हा सात जणांना हाताला धरून "इकडे बसा, आमच्या पंगतीत" असा आग्रह. क्लिंटनवाल्या बाई आरोग्य विम्यावर फार मुद्देसूद बोलल्या. पण समोर ओबामांच्या कोपऱ्यात आमचा शेजारी उभा होता, जो दर बर्फानंतर न सांगता माझ्याही दारापुढचा रस्ता साफ करतो. त्याने नुसती मान हलवली. गेलो. भाषण ऐकून ठरवलं असतं तर तिकडे गेलो नसतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. बायडननी त्याच रात्री माघार घेतली. माझा कोपरा मोडलेला माणूस बारा वर्षांनी निवडून आला.

एडिसन, न्यू जर्सी

ओबामांना दोनदा, हिलरींना एकदा, बायडनना एकदा. २०२४ला ट्रम्पना. लपवत नाही. माझं किराणा दुकान आहे. तेलाचा डबा, तूरडाळ, गहू, प्रत्येक गिऱ्हाईक भाव मला विचारायचं, जणू मीच वाढवलेत. आणि मी स्वतः पंधरा वर्षं कागद सांभाळत रांगेत उभा राहिलेला माणूस, सीमेवरचे आकडे बघून आत कुठेतरी जळायचं. चूक असेल, पण जळायचं. बोलून मोकळा झालो होतो, म्हणून मंडळाच्या गणपतीत आरतीच्या वेळी दोघांनी मान फिरवली. २०२०ला बायडननी आमचं राज्य सोळा टक्क्यांच्या फरकाने घेतलं होतं, २०२४ला हॅरिसना जेमतेम सहाचा फरक राखता आला. म्हणजे मी एकटा नव्हतो.

अटलांटा

एडिसनकर, माझा त्रास उलटा. ऑफिसात सगळे धरूनच चालले की मी हॅरिसनाच देणार, "तुमच्यातल्याच ना!" अहो, त्यांच्या आई श्यामला गोपालन तमिळ, मी कोल्हापूरची. आमच्यात समान काय, तर इडलीचं पीठ. तेही माझं फुगत नाही. दिलं त्यांनाच, पण इडलीसाठी नाही. नुसतं गृहीत धरलं म्हणून चिडून उलट करावं, असं दोनदा मनात आलं होतं. तो विचार बाजूला ठेवायला जास्त वेळ लागला.

आणि एक: २०२०ला जॉर्जियात सुमारे ५० लाख मतांत फरक होता ११,७७९चा. त्या वर्षी मी कंटाळा करत करत शेवटच्या तासाला केंद्रावर पोचले होते.

ओमाहा, नेब्रास्का

आमचं राज्य रिपब्लिकन, पण मेनसारखीच इथेही इलेक्टोरल मतं जिल्ह्यांत विभागतात. ओमाहाचं एक मत वेगळं पडू शकतं, २०२० आणि २०२४ला पडलंही. अंगणाअंगणात निळ्या ठिपक्याच्या पाट्या, निळा म्हणजे डेमोक्रॅट. त्या एका मतासाठी इतक्यांनी दार वाजवलं की शेवटी चहा विचारायला लागलो.

डॅलस

मला मत नाही, तरी लिहितो. २००५ला आलो, ग्रीन कार्डची रांग अजून सरकतेय. एका देशाच्या वाट्याला सात टक्के, मग तो भारत असो की आइसलँड. बायको २०१५च्या नियमामुळे नोकरी करू शकते, आणि तो नियम राहतो की जातो याची धाकधूक दर निवडणुकीला. मुलगी इथलीच, २००६ची. २०२४ला घरातलं एकुलतं एक मत तिचं.

महिनाभर रोज रात्री जेवताना मी तिला व्हिसा समजावत होतो. एकदा ताट सरकवून म्हणाली, "बाबा, टेक्सासच्या गर्भपातबंदीत गरोदरपणात माझं काही बिनसलं तर डॉक्टर हात लावायला घाबरतील. हे तुमच्या यादीत कुठे आहे?" नव्हतं. अठरा वर्षं तिच्या शाळेची, दातांची, गाडीच्या विम्याची काळजी केली, आणि हे नव्हतं. बायको काही बोलली नाही, उठून वरण गरम करायला गेली. दुसऱ्या दिवसापासून मी गप्प. मतदानाला मीच गाडीने सोडलं, चाळीस मिनिटं पार्किंगमध्ये बसून राहिलो. कोणाला दिलं ते विचारलं नाही. येताना तिला पाणीपुरी हवी होती.

ॲन आर्बर, मिशिगन

फेब्रुवारी २०२४च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, मी 'अनकमिटेड'वर (यातल्या कोणालाच नाही) खूण केली. गाझावरून चिडलेल्या लाखाहून जास्त लोकांनी तेच केलं. नोव्हेंबरपर्यंत काहीतरी ठरेल असं वाटलं होतं. नाही ठरलं. जुलैत बायडन बाजूला झाले, उमेदवार बदलला, माझा घोळ तोच. वरच्या पाच मुद्द्यांसारखी यादी मीही केली होती, पण एक मुद्दा बाकीच्या सगळ्यांवर बसून राहायचा.

केंद्रावर गेलो. सिनेट, काँग्रेस, थेट ग्रंथालयाच्या मंडळापर्यंत सगळं नीट वाचून भरलं. राष्ट्राध्यक्षाचा रकाना कोरा. पत्रिका यंत्राने आत ओढली, आकडा एकने पुढे सरकला. मित्रांना सांगितलं तर म्हणाले पळपुटेपणा. असेलही. घरी सांगितलेलं नाही. बायको या धाग्यावर फिरकत नाही, म्हणून लिहितोय.