लो रेंजमध्ये डिझेल गाडी: रेसवरून पाय काढावा की रोवून ठेवावा?

पहिला_लो (धागाकर्ता)

फोर-लोमध्ये (फोर-व्हील ड्राइव्हच्या लो रेंजमध्ये, म्हणजे हळू पण जास्त ताकदीच्या गिअरांत) डिझेल गाडी गचके खात असेल तर दगडांना बोल लावण्याआधी आपल्या उजव्या पायाकडे बघावं. माझं मत सरळ आहे: पहिल्या लोमध्ये क्लच पूर्ण सोडा आणि रेसवरून पाय काढून घ्या. गाडी आयडलवर (रेस न देता इंजिन जितकं फिरतं तेवढ्यावर) चालते. इंजिनाचा आवाज बसायला लागला तरच पेडलला नुसता स्पर्श करा.

हिशेब मांडतो. सोप्या गणितासाठी पहिला गिअर ४, लो रेंज २.५ आणि डिफरन्शियल ४ धरू. गुणाकार ४०. आयडल ८०० आरपीएम असेल तर चाक मिनिटाला २० फेरे मारणार. टायरचा व्यास ७५ सेंमी, म्हणजे परीघ सुमारे २.३६ मीटर. वेग आला ताशी २.८ किमी. माणूस याच्या दुप्पट वेगाने सहज चालतो.

आता ताकदीचं बघा. इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) फक्त २० न्यूटन-मीटरने वाढला तरी चाकांपाशी तो ८०० होतो, आणि जमिनीशी सुमारे २१७ किलोचा धक्का बसतो. पेडलवर हा फरक दोनचार मिलिमीटरचा. हाय रेंजमध्ये तेवढ्याच चुकीचा धक्का ८७ किलोच्या आसपास राहतो आणि कळतही नाही.

पुढची गंमत अशी, की गाडी पुढे हिसकली की अंग मागे जातं आणि पायाचा दाब सुटतो. रेस सुटली की गाडी अडते, अंग पुढे येतं आणि पाय पेडलवर दाबला जातो. पुन्हा हिसका. दोनतीन फेऱ्यांत गाडी बेडकासारखी उड्या मारायला लागते. यात ड्रायव्हर रेस देतच नसतो, गाडीच त्याच्या पायाने स्वतःला रेस देत असते. पाय बाजूला घेतला की चक्र तुटतं. आरपीएम ८०० च्या खाली घसरू लागला की गव्हर्नर (आरपीएम सांभाळणारी यंत्रणा) डिझेल वाढवतो, वर गेला की तोडतो. त्याच्याइतका शांत पाय आपला नाही.

काळा_धूर

+१. उतारावर तर याला पर्यायच नाही. पहिला लो, क्लचपासून डावा पाय लांब, रेस शून्य. चाकं जमिनीपेक्षा हळू फिरून घसरायला लागली तर ब्रेक दाबायचा नाही, किंचित रेस द्यायची. चाकांचा वेग गाडीच्या वेगाशी जुळला की पकड परत येते. हे हाताला (म्हणजे पायाला) उलटं वाटतं, म्हणून आधी छोट्या उतारावर करून बघावं.

टर्बो_लॅग

असहमत. उतारापुरतं मान्य, चढ आणि दगडांना नाही. 'आयडलवर सोडा' हा सल्ला मोठ्या, जड फ्लायव्हीलच्या (इंजिनाला जोडलेल्या फिरत्या चाकाच्या), टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या जुन्या डिझेल इंजिनांच्या काळातला आहे. आजच्या दोन लिटरच्या आसपासच्या कॉमन-रेल (संगणकाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनाला तो जसाच्या तसा लावला तर गाडी पायरीसमोर धडपडून बंद पडते.

पहिलं कारण हवा. आयडलला टर्बो जवळजवळ झोपलेला असतो. गव्हर्नरला कितीही वाटलं तरी सिलिंडरमध्ये जेवढी हवा आहे त्याच्या मापानेच डिझेल टाकता येतं, जास्त टाकलं तर नुसता धूर. ईसीयू (इंजिनाचा संगणक) तिथे मर्यादा घालतो. उंच डोंगरात हवा विरळ, म्हणजे ही शिल्लक आणखी कमी.

दुसरं कारण फ्लायव्हील. टायर वीस सेंमीच्या दगडाला भिडतो तेव्हा लागणारा पहिला झटका इंजिन डिझेलवर नव्हे, फिरत्या वजनात साठलेल्या ऊर्जेवर निभावतं. ही ऊर्जा आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ८०० वरून १२०० वर गेलात तर वेग दीडपट, पण साठा सव्वादोनपट. दगड चढताना हाच फरक 'चढली' आणि 'बंद पडली' यांच्यामधला.

तिसरं, ड्युअल-मास फ्लायव्हील, म्हणजे मध्ये स्प्रिंगा असलेलं दोन भागांचं फ्लायव्हील. आयडलजवळ जड ओझं ओढायला लावलं की त्याच्या आतल्या स्प्रिंगा शेवटापर्यंत दाबल्या जाऊन ठोकत राहतात. तो खडखडाट ऐकू येत असेल तर गाडी 'शांतपणे चढतेय' असं समजू नका.

माझी पद्धत: अडथळ्याच्या गाडीभर अंतर आधी इंजिन १२०० ते १४०० वर स्थिर करायचं आणि पाय तिथेच रोवायचा. रोवायचा म्हणजे टाच फ्लोअरवर घट्ट, बुटाची उजवी किंवा डावी कड जे काही जवळ असेल (गिअरबॉक्सचा फुगवटा, बाजूचं पॅनल) त्याला टेकलेली. हालचाल घोट्यातून नाही, फक्त अंगठ्याच्या मुळाने. पातळ, कडक तळव्याचे बूट. जाड स्पंजाचे बूट घालून हे जमत नाही. सीट नेहमीपेक्षा एक खाच पुढे, पाठ सरळ, पट्टा कंबरेला आवळलेला, डावा पाय फूटरेस्टवर दाबून. अंग हललं नाही तर पाय हलत नाही. चक्र तोडायला पाय उचलायची गरज नाही, तो बांधायची गरज आहे.

पहिला_लो

बसण्याबद्दल शंभर टक्के सहमत, ते मी लिहायला हवं होतं. पण १४०० धोक्याचं आहे. बऱ्याच टर्बो डिझेलमध्ये १५०० ते १८०० च्या दरम्यान बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) भरायला लागतो. १४०० वर उभा राहिलेला माणूस दगड चढताना घाबरून थोडंसं दाबतो. अर्धा सेकंद काहीच होत नाही, म्हणून अजून दाबतो. मग दोन्हींचं उत्तर एकदम येतं, तेही चाक दगडाच्या माथ्यावर असताना. गाडी पलीकडे आदळते ती अशी.

टर्बो_लॅग

म्हणून तर 'आधी' म्हटलंय. रेस टायर भिडण्यापूर्वी वाढवायची. भिडल्यावर वाढवायची वेळ आली तर ती संधी गेली, ब्रेक लावून मागे या आणि परत करा.

स्पॅनर_१७

दोघंही पायावर भांडताय. निम्म्या गाड्यांत आधी खालचा माल तपासायला हवा. क्रम सांगतो.

रेसची केबल असेल तर ती कव्हरमध्ये अडकते का बघा. इंजिन बंद ठेवून पेडल हाताने अगदी सावकाश दाबा. सुरुवातीला चिकटून मग 'टुक' करून सुटत असेल तर केबल बदला. अशा केबलवर जगातला कोणताही पाय गुळगुळीत रेस देऊ शकत नाही. चिकटा सोडवायला लागणारा जोर आणि नंतर लागणारा जोर यांत फरक असतो, त्यामुळे पाय दर वेळी पुढेच जातो.

नंतर प्ले, म्हणजे सांध्यांतला ढिलेपणा. गाडी सपाटीवर, चाकांना दोन्हीकडून अडसर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सैल. प्रॉपेलर शाफ्ट हाताने उलटसुलट फिरवा. क्रॉसमध्ये (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यात) हाताला जाणवणारा ढिलेपणा असेल तर तो क्रॉस गेलेला आहे. डिफरन्शियल आणि ट्रान्स्फर केसमध्ये (हाय-लो रेंज बदलणाऱ्या गिअरपेटीत) थोडा प्ले असतोच, पण सगळीकडचा मिळून तो लो रेंजमध्ये 'खट्' असा ऐकू येतो. शेवटी इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग. रबर फाटलं असेल तर रेस देताच इंजिन कलतं, आणि केबलवाल्या गाडीत ते कलणं केबलच ओढतं. म्हणजे इंजिन स्वतःची रेस स्वतःच वाढवतं.

हात_रेस

या सगळ्यावर जुना इलाज: हाताची रेस. जुन्या लँड क्रूझर ७० मालिकेत डॅशबोर्डवर नॉब यायचा तो यासाठीच. ११०० वर लावा आणि पाय मोकळा.

काळा_धूर

हात_रेस, ते डिझेलच्या पंपावर अवलंबून आहे. ऑल-स्पीड गव्हर्नरच्या पंपात लिव्हरची जागा म्हणजे आरपीएम, तिथे हातरेस उत्तम. फक्त किमान आणि कमाल वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरमध्ये लिव्हरची जागा म्हणजे डिझेलचं प्रमाण. ओझं कमी झालं की आरपीएम वर पळतो. चढ संपून उतार लागला आणि नॉब तसाच राहिला तर गाडी अंगावर येते. हातरेस लावली असेल तर दगडाच्या माथ्यावर हात नॉबवरच हवा.

नवा_टायर

रेस पटकन लागावी म्हणून पेडलच्या वायरीत बसवायचा तो छोटा डबा लावलाय. लो रेंजमध्ये त्याने फायदा होईल का?

स्पॅनर_१७

उलट. तो डबा ताकद वाढवत नाही, पेडल २० टक्के दाबलं तर ईसीयूला ४० सांगतो. लो रेंजमध्ये नेमकं याच्या उलट हवं. बंद करा किंवा सगळ्यात मऊ मोडवर टाका. लँड रोव्हरच्या टीडी५ इंजिनात ट्रान्स्फर केस लोमध्ये गेली की ईसीयू स्वतःच पेडलचा प्रतिसाद मऊ करायचा. २००४ मध्ये आलेल्या डिस्कव्हरी ३ च्या टेरेन रिस्पॉन्समध्ये (जमिनीप्रमाणे मोड बदलणाऱ्या यंत्रणेत) दगडांच्या मोडला तेच होतं. कंपन्या जे मुद्दाम मऊ करतात ते आपण पैसे देऊन कडक करायचं, हे काही पटत नाही.

दोन_पाय

ऑटोमॅटिकवाल्यांना कुणी विचारतच नाही. डावा पाय ब्रेकवर हलका, उजवा रेसवर, दोन्ही एकाच वेळी. गचका मुळात येतो कुठून? रेस आणि इंजिन ब्रेकिंग यांच्यामधली सीमा ओलांडताना. गिअरचे दात एका बाजूला टेकलेले असतात, रेस सोडली की ते मधली फट ओलांडून दुसऱ्या बाजूला आपटतात. कॉमन-रेलमध्ये पाय पूर्ण उचलला की इंजेक्शन बंद होतं आणि आयडलजवळ परत चालू होतं, तीही गचक्याची एक जागा. ब्रेक हलका धरून ठेवला तर दात सतत एकाच बाजूला टेकलेले राहतात. चाक माथ्यावर आलं की रेस तशीच ठेवून ब्रेक वाढवायचा. चाक पलीकडे अलगद उतरतं.

मॅन्युअललाही चालतं, पहिल्या लोमध्ये क्लच सोडल्यावर डावा पाय रिकामाच असतो. दोन अटी: काही गाड्या दोन्ही पेडल एकत्र दाबल्यावर रेस तोडतात, सपाटीवर तपासा. आणि ऑटोमॅटिकमध्ये चाक हलत नसताना रेस धरून ठेवू नका, टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल काही सेकंदांत तापतं.

टर्बो_लॅग

दोन_पाय यांनी मुद्द्याला हात घातला. पहिला_लो, तुमची आयडल पद्धत चालते ती पाय नसल्यामुळे नाही, गाडी ती सीमा ओलांडत नाही म्हणून. आणि माझी पद्धत चालते तीही त्याच कारणाने.

पहिला_लो

हे पटलं, दगडाची पायरी चढण्यापुरतं तुमचं मान्यही करतो. तरी क्रम माझाच ठेवतो: आधी आयडल, मग रेस. आयडलवर गाडी काय करते हे माहीत नसलेला माणूस १२०० कुठे लागतात ते ओळखणार नाही. आणि वाळूत, चिखलात यातलं काहीच लागू नाही, तिथे दुसरा किंवा तिसरा लो आणि अखंड एकसारखी रेस; पहिला लावला की चाक जागेवरच खड्डा खणतं.

सरावासाठी: सपाट मैदान, पहिला लो, १२०० आरपीएम, शंभर मीटर. काटा पन्नास आरपीएमपेक्षा जास्त वर-खाली हलला नाही पाहिजे. जमलं की दहा सेंमी जाडीचा ओंडका आडवा टाका. ओंडक्याआधी रेस वाढवायची, माथ्यावर डाव्या पायाने ब्रेक, चाक खाली टेकल्यावरच सोडायचा. आधी पुढची चाकं, मग मागची. मागच्यांना लोक विसरतात आणि तिथेच आदळतात. शेजारच्या सीटवर झाकण काढलेली पाण्याची बाटली ठेवा.

नवा_टायर

भरलेली?

पहिला_लो

अर्धी. भरलेली दुसऱ्या आठवड्यात.