'अनाक्रमक' की 'विनाछेद'? त्वचेच्या आत डोकावणाऱ्या तपासण्यांसाठी शब्द हवे आहेत

प्रश्न

दुर्मीळ त्वचाविकार असलेल्या मुलांच्या पालकांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. पहिल्याच वाक्याशी अडले. सध्याचा मसुदा असा: 'अनाक्रमक प्रतिमांकनाद्वारे दुर्मीळ अनुवांशिक त्वचारोगांचे निदान होते.' व्याकरणाने वाक्य उभं आहे, पण कडेवर अंगभर फोड आलेलं बाळ घेऊन बसलेल्या आईच्या हाती यातून काही लागेल असं वाटत नाही. 'नॉनइन्व्हेझिव्ह' म्हणजे शरीराला न टोचता, न कापता केलेली तपासणी; त्यासाठी 'अनाक्रमक' चालेल का? आणि आनुवंशिक, जनुकीय, जन्मजात यांत नेमका कोणता शब्द?

प्रतिसाद: मुद्रितशोधनाच्या बाजूने

आधी शुद्धलेखन उरकतो. 'अनुवांशिक' हे रूप वर्तमानपत्रांतही सर्रास दिसतं, तरी ते चूक आहे. अनुवंशला 'इक' लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणून आनुवंशिक. जसं अनुषंगचं आनुषंगिक.

'आक्रमक' म्हटलं की मराठी माणसाला फलंदाज आठवतो, नाहीतर स्वभाव. 'अनाक्रमक तपासणी' म्हणजे सौम्य स्वभावाची तपासणी की काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. मी 'विनाछेद' सुचवेन. 'विनातक्रार', 'विनापरवाना' या ओळीत तो सहज बसतो.

प्रतिसाद: त्वचारोगतज्ज्ञ

'अनाक्रमक' नकोच, आणि माझं कारण रुग्णाच्या कागदपत्रांतलं आहे. कर्करोगाच्या अहवालात 'इन्व्हेझिव्ह' म्हणजे गाठ मूळ थर ओलांडून आजूबाजूच्या ऊतींत शिरलेली. झेरोडर्मा पिग्मेंटोसम किंवा गॉर्लिन सिंड्रोम असलेल्यांना त्वचेचे कर्करोग पुन्हा पुन्हा होतात. प्रत्येक संशयित ठिकाणचा तुकडा काढायचा तर अंगावर व्रणच व्रण होतील, म्हणून यांच्याच पाठपुराव्यात चित्रण फार कामी येतं. मग एकाच फाइलमध्ये 'अनाक्रमक तपासणी' आणि 'आक्रमक गाठ' समोरासमोर येणार. घरी गेल्यावर नातेवाईक त्याचा काय अर्थ लावतील याची मला धास्ती वाटते.

'विनाछेद' बरा आहे. पण पालक विचारतात ते 'सुई टोचणार का?' आणि 'टाके पडणार का?' एवढंच. त्यामुळे पत्रकात सरळ 'न टोचता, न कापता' लिहावं. 'विनाछेद' शीर्षकात किंवा तक्त्यात ठेवा.

'प्रतिमांकन'ही मला जड वाटतो. 'चित्रण' पुरे. मात्र हे एक तंत्र नाही, चार-पाच आहेत, आणि प्रत्येकाची नजर वेगळ्या खोलीपर्यंत जाते. डर्मोस्कोपी म्हणजे साधारण दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि ध्रुवित प्रकाश. त्यात वरच्या थराची चकाकी नाहीशी होते आणि रंग व रक्तवाहिन्यांची रचना दिसू लागते. रिफ्लेक्टन्स कॉन्फोकल मायक्रोस्कोपीत ८३० नॅनोमीटरचा सौम्य लेझर वापरतात; पेशी न् पेशी दिसते, पण खोली जेमतेम पाव मिलिमीटर. ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी एक-दीड मिलिमीटरपर्यंत जाते, मात्र बारकावा कमी. २० मेगाहर्ट्झचा अल्ट्रासाऊंड आणखी खोल जातो, पण त्यात सुटी पेशी दिसत नाही. पत्रकात 'चित्रणाच्या तपासण्या' असं अनेकवचन ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती

आभारी आहे, डॉक्टर. मग 'निदान होते' हे तरी बरोबर आहे ना?

प्रतिसाद: त्वचारोगतज्ज्ञ

या वाक्यातली सर्वांत मोठी अडचण तीच आहे. 'अनाक्रमक'पेक्षा मी आधी 'निदान' या शब्दावर लाल रेघ मारेन.

एक उदाहरण तपशिलात देतो. एपिडर्मोलिसिस बुलोसा या विकारात जराशा घर्षणाने त्वचेला फोड येतो. त्याचे चार मुख्य प्रकार आहेत आणि ते ठरतात त्वचा कोणत्या पातळीवर फाटते यावरून: वरच्या थराच्या पेशींतच, त्याच्या तळाशी असलेल्या पटलात, पटलाच्याही खाली, की एकाहून अधिक पातळ्यांवर. बाळाचं पुढचं आयुष्य कसं असेल हे बऱ्याच अंशी यावर अवलंबून असतं. कॉन्फोकलमध्ये ताजा फोड काळ्या पोकळीसारखा दिसतो आणि ती पोकळी वरच्या थरात आहे की त्याखाली, याचा अंदाज येतो. पण हे यंत्र खोलीच्या दिशेने तीन ते पाच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक फरक दाखवत नाही. पटलातली भेग आणि पटलाखालची भेग यांतलं अंतर एका मायक्रॉनच्याही अंशाइतकं असतं. म्हणजे पालकांना सर्वांत जास्त काळजी ज्या फरकाची असते, तिथेच हे चित्र गप्प राहतं. तिथे फोडाच्या कडेचा तुकडा घेऊन केलेली इम्युनोफ्लुरोसन्स तपासणी (चमकणाऱ्या रंगाने त्वचेतली प्रथिनं दाखवणारी) आणि जनुक तपासणी यांना पर्याय नाही. 'चित्रणाने निदान होते' असं वाचून आलेल्या आईला नंतर 'आता तुकडा घ्यावा लागेल, रक्तही द्यावं लागेल' असं सांगितलं, की तिचा आमच्यावरचा विश्वास तिथेच डळमळतो.

आता उलट बाजू. नेदरटन सिंड्रोममध्ये बाळ लालबुंद, सोलवटलेल्या त्वचेचं जन्माला येतं आणि इतर अनेक विकारांशी त्याची गल्लत होते. पण भिंगातून भुवईचा एखादा केस पाहिला आणि त्यावर बांबूच्या पेरासारखी गाठ दिसली, तर संशय एकदम एका दिशेला वळतो. पूर्वी यासाठी बरेच केस कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागत. आता भिंग टेकवून एकेक भुवई निरखता येते. डोक्यापेक्षा भुवईच्या केसांत ही खूण अधिक सापडते. तरीही खात्री होते ती स्पिंक-५ जनुकाच्या तपासणीनेच, आणि तान्ह्या बाळात गाठ दिसली नाही म्हणून विकार नाही असंही म्हणता येत नाही.

म्हणून माझ्या मते तीन क्रियापदं वेगळी ठेवावीत: चित्रणाने संशय बळावतो, तुकडा कुठून घ्यायचा हे ठरतं, आणि जनुक तपासणीने निदान पक्कं होतं.

प्रतिसाद: एक आई

'आनुवंशिक' या शब्दाबद्दल मला बोलायचं आहे. माझ्या मुलीच्या कागदावर तो शब्द आला आणि सासरी-माहेरी दोन्हीकडे पहिला प्रश्न आला, 'कुणाकडून आलं?' आमच्या दोन्ही घरांत मागे कुणालाच हा त्रास नव्हता. तरी तो शब्द जणू माझ्याकडे बोट दाखवत होता. पत्रकात तो वापरणार असाल, तर त्याला लागूनच दोन वाक्यं स्पष्टीकरणाची असू द्या. नंतरच्या पानावरच्या टिपेत नको, टिपा कुणी वाचत नाही.

प्रतिसाद: त्वचारोगतज्ज्ञ

ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. काही विकारांत आई आणि वडील दोघांकडे जनुकाची एकेक सदोष प्रत असते, त्यांना स्वतःला काहीच त्रास नसतो, आणि दोन्ही सदोष प्रती एकाच मुलाकडे आल्या की विकार दिसतो. नेदरटन तसाच. काही वेळा बदल त्या मुलातच प्रथम घडलेला असतो, आईवडिलांत तो नसतोच. यात दोषाचा प्रश्न येत नाही.

तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी येत नाहीत, हेही लिहा. जन्मजात म्हणजे जन्मताच दिसणारं, मग कारण गर्भातला संसर्ग का असेना. डॅरिअरचा विकार आनुवंशिक आहे पण सहसा वयात येताना दिसू लागतो. हेली-हेली हा आनुवंशिक त्वचाविकार तर बऱ्याचदा विशी-तिशीनंतर. ते जन्मजात नव्हेत. आणि अंगावर पट्ट्यांसारखे उमटणारे एपिडर्मल नीव्हसचे डाग जनुकीय आणि बहुतेकदा जन्मजात असतात, पण तो बदल गर्भ वाढताना काही पेशींतच घडलेला असतो, म्हणून ते सहसा वारशाने आलेले नसतात. एकच व्यापक शब्द हवा असेल तर 'जनुकीय' घ्या. तो कुणाच्या घराण्याकडे बोट दाखवत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

मग वाक्य असं करते: 'काही दुर्मीळ जनुकीय त्वचाविकारांत, न टोचता आणि न कापता केलेल्या चित्रणाच्या तपासण्यांनी विकाराचा माग लागतो, नक्की निदानासाठी जनुक तपासणी, आणि काही वेळा त्वचेचा छोटा तुकडा घेणं, आवश्यक असतं.' लांब झालं, पण यातला एकही शब्द सोडावासा वाटत नाही. 'कॉन्फोकल'ला 'समनाभीय' कसा वाटतो?

प्रतिसाद: मुद्रितशोधनाच्या बाजूने

वाक्य चांगलं झालं आहे, तसंच राहू द्या. 'समनाभीय' मात्र नको. भूमितीत नाभी म्हणजे फोकस हे खरं, पण वाचकाला बेंबीच आठवेल. 'कॉन्फोकल' तसाच ठेवा आणि काय होतं ते सांगा: एका ठरावीक खोलीवरून परतलेला प्रकाश तेवढा बारीक छिद्रातून आत घेतात, बाकीचा अडवतात. अमेरिकी संशोधक मार्विन मिन्स्की यांनी या कल्पनेच्या पेटंटसाठी १९५७ मध्ये अर्ज केला होता. जिवंत माणसाच्या त्वचेत या पद्धतीने पेशी दाखवणारा १९९५ चा गाजलेला शोधनिबंध मिलिंद राजाध्यक्ष आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे. मराठी पत्रकात हे नाव जरूर यावं.

आणि 'न टोचता, न कापता' एवढं लांब नको असेल तर 'इजारहित' कसा?

प्रतिसाद: त्वचारोगतज्ज्ञ

'इजारहित' म्हणू नका, ते सगळ्यांसाठी खरं नाही. स्थिर कॉन्फोकल यंत्रात त्वचेवर एक कडी चिकटवून तिच्यावर भिंग बसवतात. इतरांना त्याचं काही वाटत नाही, पण एपिडर्मोलिसिस बुलोसाच्या मुलाची त्वचा ती कडी काढताना तिच्यासोबत सुटून येऊ शकते. अशा मुलांसाठी हातात धरायचं यंत्र किंवा त्वचेला न टेकवता पाहता येणारं ध्रुवित प्रकाशाचं भिंग वापरावं लागतं. पत्रकात यासाठी वेगळी चौकट करा, ठळक अक्षरांत: 'तपासणी सुरू होण्याआधी सांगा: माझ्या मुलाच्या त्वचेला काहीही चिकटवू नका.' त्यात चिकटपट्टी आली, कडी आली, ईसीजीची बटणंही आली.